नानांच्या खुब्याची पहिली फिल्म

एक्स-रे निघाला की डॉक्टरांच्या आधी तो मी पाहायचे. माझ्या नोकरीचा सगळा ताण त्या पाच-दहा सेकंदांत असायचा. टेबलावर पडलेला माणूस मान उचलून काचेतून माझ्याकडे बघत असतो. डॉक्टर वरच्या मजल्यावर, यंत्र मुकं, तेव्हा बातमी वाचायला त्याच्यासमोर एक माझाच चेहरा. "काय दिसलं ओ मॅडम?" तो विचारतो. "डॉक्टर सांगतील," मी म्हणते. एकतीस वर्षं मी हेच उत्तर दिलं. आमच्या कामाचा नियमच तो, फोटो काढायचा, निदान सांगायचं नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी चेहरा कोरा ठेवायची सवय गेलेली नाही. घरचे म्हणतात, तुला आनंद झालाय की राग आलाय हेच कळत नाही.

स्वस्थ बसवत नाही, हे आणखी वेगळंच. सकाळी फिरायला जाते. समोरून कुणी पाय फेकत आलं की माझी नजर त्याच्या खुब्यावर जाते. बाकावरून उठून पहिली चार पावलं तो कशी टाकतो, तोंड वाकडं करतो का, मग सरळ चालतो का. मनात येतं, याला थांबवून विचारावं, तुमची पहिली फिल्म आहे का हो घरी? अजून कुणाला थांबवलेलं नाही. पण पाय अडखळतात. ते का अडखळतात हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

मी शिकले त्याचं कौतुक आधी सांगून टाकते, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राख काढायच्या कामावर, कंत्राटी. घरी आले की पापण्यासुद्धा करड्या असायच्या. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन, वर रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला, आणि नाशिकच्या एका हाडांच्या दवाखान्यात लागले. गल्लीतले लोक मला 'फोटोवाली' म्हणायचे. मी दर वेळी दुरुस्त करायचे, "रेडिओग्राफर." ते मान डोलवायचे आणि पुन्हा फोटोवालीच म्हणायचे. मला माझ्या शिक्षणाचा अभिमान होता, अजूनही आहे. कुणी काही विचारलं की मी नुसतं उत्तर देत नसे, शिकवत असे.

आता हाडाबद्दल. लोकांना वाटतं, हाडात धातू बसवला की काम संपलं, भिंतीत खिळा ठोकल्यासारखं. पण भिंत मेलेली असते, हाड जिवंत. त्याला आत आलेला पाहुणा कळतो. पहिले काही आठवडे फिल्मवर विशेष दिसत नाही. मग धातूचा खरबरीत भाग असेल तिथे हाड त्याला चिकटायला लागतं, खाचाखोचांत शिरतं. जिथे भार पडतो तिथलं हाड जाड आणि पांढरं होत जातं. जिथे सगळा भार धातूच उचलतो तिथलं रिकामटेकडं होतं आणि विरळ पडतं. हाडाला काम लागतं. बसून खाणारं हाड झिजतं, असं मी पेशंटना सांगायचे आणि ते आपल्या थोरल्या मुलाकडे बघून हसायचे.

चांदवडचा एक कांद्याचा व्यापारी होता. तरुणपणी मोटारसायकलवरून पडला, मांडीच्या हाडावर धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी दोन वर्षांनी काढायला बोलावलं होतं, हा आला नऊ वर्षांनी. "तरास नव्हता ना ओ, म्हणून राह्यलं." फिल्म पाहिली तर हाडाने पट्टीवर चक्क पांघरूण घातलेलं. स्क्रूची डोकी सापडेनात. छिन्नी-हातोडीने हाड उकरून पट्टी मोकळी करावी लागली. घामाने भिजलेले डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आज मी सर्जन नव्हतो, गवंडी होतो."

दुसरा एक गृहस्थ तर पेशंटच नव्हता. पांढऱ्या रुमालात काहीतरी गुंडाळून माझ्या खिडकीशी उभा राहिला. उघडलं तर मांडीतला रॉड, निळा-काळा पडलेला. आईला अग्नी देऊन तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना राखेत सापडला. "ताई, बाकीचं समदं रामकुंडात सोडलं. हे सोडावं का? हे आईचं हाय का तुमचं?" मी म्हटलं, "सात वर्षं त्या याच्यावर चालल्या. आईचंच म्हणायचं." त्याने रुमालाची घडी घातली आणि गेला. पुढे काय केलं, मला माहीत नाही.

तर असं हाड आणि धातू बहुतेक वेळा जमवून घेतात. पण कधी कधी दोघांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसते. एक्स-रेत धातू पांढरा, हाड पांढरं. मध्ये काळं म्हणजे तिथे हाड नाही, नुसता मऊ पडदा आहे. ही रेघ एकटी काहीच सांगत नाही. पहिल्यापासूनची असेल आणि वर्षानुवर्षं तेवढीच असेल, तर माणूस त्या रेघेसकट आयुष्य काढतो. नवी असेल आणि रुंदावत असेल, तर आतला दांडा सैल झालाय, हलतोय आणि हलता हलता हाड आतून खरवडतोय. जुनी की नवी, हे ओळखायची सोपी रीत एकच. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म शेजारी लावायची आणि बघायचं.

नाना गांगुर्डे ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या उजव्या खुब्याचा गोळा सुकला. डॉक्टरांनी नवी वाटी बसवली, आणि नव्या गोळ्याचा लांब दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवला. सिमेंट घातलं नाही. सहा आठवड्यांनी नाना फिल्मला आले तेव्हा मी त्यांना ते समजावून सांगायला लागले, तर त्यांनी मलाच थांबवलं.

"कळलं मॅडम. टाइट फिट. भोकापेक्षा दांडा एक केस मोठा. आम्ही बेअरिंग तसंच बसवतो. पण आमचं भोक लोखंडाचं, ते ना वाढत ना झिजत. तुमचं भोक जित्तं हाय. मग त्याचा भरवसा कसा धरायचा?"

पुस्तकात यावर दोन पानं आहेत. नानांनी चार वाक्यांत सांगितलं.

टेबलावर झोपल्यावर पुन्हा सुरू. "मागल्या टायमाला दोन्ही अंगठे जुळवून पट्टीनं बांधले व्हते. आज मोकळे का सोडले?"

"घाई आहे नाना, बाहेर वीस जण बसलेत."

"आसू द्या की. जॉब एकाच फिक्श्चरमधी, एकाच पकडीत धरला नाय तर माप कशाला घ्यायचं?"

बरोबर होतं त्यांचं. पाऊल जरा बाहेर वळलं तरी दांड्याची सावली बदलते, आणि दोन फिल्मा एकमेकींशी बोलत नाहीत. त्या दिवसापासून मी खुब्याच्या प्रत्येक पेशंटचे अंगठे जुळवून बांधायला लागले. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. ते नानांचं होतं हे मी सांगितलं नाही. छोटी गोष्ट, पण आता आठवते.

नानांबरोबर त्यांची बायको यायची. विमलमावशी. शाळा दुसरीपर्यंत, बोलणं बेताचं, हातात कायम एक कापडी पिशवी आणि तिच्यात फिल्मांची मोठी पाकिटं. तेव्हा आमच्याकडे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची पद्धत होती. फिल्म एकच निघायची आणि ती पेशंट घरी न्यायचा. वर्षाने तिसरी फिल्म झाली. सगळं छान आहे, काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. मावशी माझ्या खिडकीशी आल्या.

"ताई, ह्या लय झाल्या ओ. पलंगाखाली ठिवल्या तर वाकत्यात, कपाटावर ठिवल्या तर खाली पडत्यात. ठिवू का टाकू?"

मी रंगात होते. म्हटलं, "टाकू नका मावशी. मी सांगते. गरम पाण्यात ब्लीच पावडर टाका, त्यात फिल्म बुडवून ठेवा. काळं सगळं सुटून येतं. खाली राहतं ते निळसर, मजबूत प्लास्टिक. त्यावर पेनाने नक्षी काढायची आणि पेटत्या उदबत्तीने भोकं पाडायची. रांगोळीचे छाप! बाजारातल्या छापांपेक्षा टिकतात."

"पर पुन्यांदा लागल्या तर?"

हा प्रश्न दुसरी शिकलेल्या बाईला पडला. बी.एस्सी. झालेल्या बाईने उत्तर दिलं, "आता नाना ठणठणीत आहेत. जुन्या फिल्मा काय पुजायच्यात?"

हे माझेच शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर त्या फराळाचा डबा घेऊन आल्या. डब्याखाली एक छाप होता, कडेने वेल आणि मध्ये कुयरी. "तुमच्यासाठी बी केला." भोकं इतकी सारखी होती की मी सगळ्या स्टाफला दाखवला. नंतर कितीतरी वर्षं माझ्या दारात त्याच छापाची रांगोळी होती.

नाना पुढे आलेच नाहीत. दुखत नाही तर दवाखान्यात कशाला, हे सगळ्यांचं असतं तसं त्यांचंही. दर वर्षी दाखवून जा म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं. आमच्याकडे मधल्या काळात कॉम्प्युटरवरचे एक्स-रे आले. प्रत्येक चित्र साठवलेलं, बटण दाबलं की समोर. अंधारी खोली बंद झाली.

ऑपरेशनला अकरा वर्षं होऊन गेल्यावर नाना पुन्हा आले. पासष्टी ओलांडलेली, पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये अजून लेथवर उभे राहणारे. म्हणाले, "खुर्चीतून उठलो की पैली चार पावलं मांडीत कळ येती. मंग चालतो बिनघोर."

पहिली चार पावलं. सैल दांडा असाच दुखतो. भार पडला की जरा सरकतो, मग अडकून बसतो. मी त्यांचे अंगठे जुळवून बांधले, काचेमागे गेले, बटण दाबलं. पडद्यावर दांड्याच्या बाहेरच्या बाजूने वरपासून निम्म्यापर्यंत काळी रेघ होती.

"काय दिसलं मॅडम?"

"डॉक्टर सांगतील."

थोड्या वेळाने डॉक्टरांनी मलाही वर बोलावलं. केबिनमध्ये नाना, मावशी आणि पडद्यावर ती रेघ. डॉक्टर म्हणाले, "नाना, सरळ सांगतो. ही रेघ जुनी असेल आणि दांडा जागचा हललेला नसेल, तर मांडी उघडायचं कारण नाही. नवी असेल, दांडा खाली उतरला असेल, तर आत्ताच उघडायला पाहिजे. उशीर केला तर दुसरा दांडा बसवायला हाड उरत नाही. पहिली फिल्म दाखवा, पाच मिनिटांत सांगतो." मग माझ्याकडे वळून, "आपल्याकडे तेव्हाचं काही?"

"नाही सर. धुवायच्या फिल्मा होत्या. पेशंटकडेच."

नानांनी मावशींकडे पाहिलं. "कुठं हायेत?"

मावशी पिशवीचे बंद पिळत होत्या. "छाप केले."

"कसले छाप?"

"रांगोळीचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नानांचा आवाज एकदम चढला. "माझ्या तंगडीची रांगोळी काढली व्हय? आगं, कागद कोन्चा ठिवावा अन् कोन्चा नाय, एवढं बी कळंना? तरी म्या म्हनतो, हिला काय इचारू नये. अडानी ती अडानीच!"

मावशींनी मान वर केली. एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे.

मी दाराशी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. 'नाना, ते मी सांगितलं होतं.' जीभ उचलली गेली नाही. डॉक्टर समोर होते. त्यांच्यासमोर मी तोवर एकोणतीस वर्षं हुशार म्हणून काढलेली. चेहरा कोरा ठेवायची सवय अशी कामाला आली.

"असू द्या नाना," डॉक्टर म्हणाले. "आजची फिल्म पहिली समजू. तीन महिन्यांनी दुसरी काढू आणि ताडून बघू. तोपर्यंत लेथ बंद."

घरी आले ती चपला न काढता माळ्यावर चढले. दिवाळीच्या सामानात तो छाप सापडला. ट्यूबलाइटसमोर धरला, आडवा धरला, तिरका धरला. कुठे दांड्याची कड, हाडाचा पुसट डाग, काहीतरी राहिलं असेल म्हणून. काहीच नव्हतं. निळं स्वच्छ प्लास्टिक आणि कुयरीची भोकं. मी धुवायला फारच नीट शिकवलं होतं.

ते तीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून नानांचं चित्र उघडायचे. मोठं करायचे, मापायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. जणू बघून बघून रेघ आपलं वय सांगेल. दोनदा डॉक्टरांच्या केबिनपर्यंत गेले. एकदा आत पेशंट होता. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, तरी परत फिरले. नाना अधूनमधून फोन करायचे, "मॅडम, तारीख आधी घेता येती का?" मागे भांड्यांचा आवाज यायचा, आणि फोन ठेवता ठेवता नाना मावशींना काहीतरी टोचून बोललेलं ऐकू यायचं. "झाली का तुझी रांगोळी?" असं. मी फोन लवकर ठेवायचे.

तीन महिन्यांनी नाना आले ते काठी घेऊन. अंगठे मी बांधले. या वेळी त्यांनी फिक्श्चर, जॉब, काही म्हटलं नाही. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या टोकापासून दांड्याच्या खांद्यापर्यंत मी माप घेतलं, आधीच्या चित्रात घेतलं होतं तसंच. दांडा तीन मिलिमीटर खाली उतरला होता. मी दोनदा मापलं. मग तिसऱ्यांदा.

ऑपरेशन आठवड्याच्या आत झालं. ऑपरेशन चालू असताना काढायच्या एक्स-रेसाठी मी तिथे होतेच. जो दांडा अकरा वर्षांपूर्वी हातोडीने ठोकून बसवला होता, तो डॉक्टरांनी नुसत्या हाताने बाहेर काढला. भोवतीचं हाड अंड्याच्या टरफलासारखं झालं होतं. नवा, जास्त लांब दांडा बसवताना हाडाला तडा गेला. तारा गुंडाळून बांधावं लागलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, पुढेही कदाचित काठी सुटणार नाही, आणि लेथ तर विसरायचं.

हात धुताना मी डॉक्टरांना विचारलं, "सर, तीन महिन्यांपूर्वी उघडलं असतं तर?"

"एवढं हाड काही तीन महिन्यांत जात नाही. आधीच गेलेलं असणार." त्यांनी नळ बंद केला. "पण तडा टळला असता का, ते सांगता येत नाही. थोडं तरी वाचलं असतं. नसतंही."

यावर मी तेव्हापासून उलटसुलट विचार करते आहे. ज्या एका वस्तूने उत्तर दिलं असतं ती नाही. तेव्हा हे मला कधीच कळणार नाही, आणि न कळण्यावर माणूस बसूच शकत नाही. दुखणं असतं तर निदान त्याची जागा तरी सापडली असती.

चौथ्या दिवशी वॉर्डात गेले. नाना टेकून बसले होते, पाय उशीवर. मावशी मोसंबी सोलत होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. फिल्मा धुवायला मी सांगितलं, ब्लीच मी सांगितलं, उदबत्ती मी सांगितली. मावशी ठेवायचं म्हणत होत्या, मीच म्हटलं काय पुजायच्यात. तुम्ही अडाणी म्हणालात ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं, त्यांच्या नव्हे.

नाना म्हणाले, "मंग त्या दिवशी केबिनमधी का नाय बोलल्या?"

त्यांनी मावशींकडे तोंड केलं. "अन् तू? तुला तर ठावं व्हतं. तीन म्हयने मी तुला नाय नाय ते बोललो. तुला तोंड नव्हतं?"

मावशी फोडीवरचा पांढरा दोरा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांचा साहेब बसला व्हता ना समोर. शिकून सवरून नोकरीला लागलेली बाई. म्या नाव घेतलं आसतं तर त्यांना बोल लागला आसता. मला काय, तुमचं बोलणं रोजचंच हाय."

नानांनी हात पुढे केला, मावशींनी फोड हातावर ठेवली. नानांनी ती तोंडात घातली नाही, तशीच धरून बसले.

मावशींनी पलंगाखालून स्टूल ओढलं, पदराने पुसलं, माझ्याकडे सरकवलं.

"बसा ना ताई. मघापासनं उभ्याच हायेत."

मला बसवेना.